हलवू नये

आई गेली त्याला अकरा आठवडे झाले होते, आणि तिनं आखलेला ब्लॉक, म्हणजे सर्किटचा ठोकळा, अजून चिपच्या वरच्या कडेला, बरोबर मध्यभागी ठाण मांडून होता. तो तिथून हलत नव्हता म्हणून सगळी चिप साठ मायक्रॉन लांब होत होती.

साठ मायक्रॉन म्हणजे साधारण एका केसाची जाडी. पण ही चिप श्रवणयंत्रात जाणार होती, कानात बसणाऱ्या डबीत. डबीचे साचे तयार झाले होते. चिपनं डबीत मावायचं होतं, डबीनं चिपसाठी मोठं व्हायचं नव्हतं.

माझं काम प्लॅनिंगचं. चिपवर कोणता भाग कुठे बसेल ते मी ठरवते. खरं सांगायचं तर मी लिहिलेला प्रोग्राम ठरवतो. मेमरी, आकडेमोड करणारा भाग, स्पीकरला जोर देणारा भाग वगैरे चार मोठे ठोकळे आणि तीस लहानसहान, प्रत्येक ठोकळा वेगळ्या माणसाच्या हातचा. हे सगळे एका आयतात असे बसवायचे की जागा वाया जाऊ नये आणि ज्यांची एकमेकांशी देवाणघेवाण जास्त, त्यांच्यामधल्या तारा आखूड राहाव्यात. ऐकायला सोपं वाटतं. पण चौतीस ठोकळे मांडायच्या तऱ्हा इतक्या असतात की एकेक तपासायला गेलं तर जन्म पुरायचे नाहीत. म्हणून प्रोग्राम आधी नुसता गोंधळ घालतो. दोघांची अदलाबदल करतो, एखाद्याला उचलून भलतीकडे टाकतो, एखाद्याला काटकोनात फिरवतो. सुरुवातीला तो तापलेला असतो, वाईट बदलही चालवून घेतो. मग हळूहळू निवत जातो आणि निवडक होत जातो. शेवटी त्याला काहीच पटेनासं होतं, तेव्हा थांबतो. याला चाळीस मिनिटं लागतात.

"चाळीस लाख वेळा चुकतो आणि मग शहाणा होतो," आई म्हणायची. "मी एवढ्या वेळा चुकले असते तर मला कुणी दारात उभं केलं असतं का?"

ती त्याच ऑफिसात होती, माझ्या आधी चोवीस वर्षं. ॲनालॉग विभागात, हातानं आकृत्या काढणाऱ्यांत. मी तिथं लागले तेव्हा तिनं एकच सांगितलं, ऑफिसात आई म्हणायचं नाही. मग मी तिला 'ॲनालॉग' म्हणायला लागले आणि ती मला 'प्लॅनिंग'. "काय प्लॅनिंग, जेवायला येताय की प्रोग्रामला विचारून सांगताय?" असं ती चारचौघांत विचारायची, आणि घरी आल्यावर अगं-तुगंवर यायची.

मंगळवारी सकाळी मुकादमांनी मला बोलावलं. ते आमचे प्रोजेक्टप्रमुख. मुकादम हे नाव आईनंच पाडलेलं, आणि ते त्यांना ठाऊक आहे.

"बस."

"उभीच बरी आहे," मी म्हटलं. अकरा आठवड्यांत मी कुठल्याच खुर्चीत धड टेकले नव्हते.

"किती?"

"साठ."

"शुक्रवारी चार वाजता आराखडा गोठतो. नंतर सुईसुद्धा हलवायची नाही कुणी."

"माहीत आहे."

"बाहेर तयार रेफरन्स मिळतो. आईंच्या ब्लॉकच्या निम्मा. कसाही बसवा, कुठेही बसवा. तो घातला तर आजच मावेल ना सगळं?"

मावलं असतं. रेफरन्स म्हणजे चिप तापो वा गार पडो, एकच ठरलेलं व्होल्टेज देणारा ब्लॉक. बाकीचे सगळे आपलं मोजमाप त्याच्याशी ताडून बघतात. तोच सरकला तर कुणालाच आपण सरकलोय हे कळत नाही.

"तयार ब्लॉक तापला की सरकतो," मी म्हटलं. "आईचा सरकतो त्याच्या चौपट."

"नियमात बसेल एवढाच सरकतो." त्यांनी समोरची फाइल मिटली. "हे बघ, मलाही बरं वाटत नाही. पण आपण चिप बनवतो ती कुणाच्या आठवणीसाठी नाही."

"शुक्रवारपर्यंत थांबा."

"शुक्रवारी चार. साठ मायक्रॉन काढलेस तर आईंचा ब्लॉक राहील. नाहीतर तयार."

आईनं आयुष्यात एकतीस ब्लॉक काढले. त्यांतले तीस ज्या चिप्समध्ये होते त्या आता बनत नाहीत. हा एकतिसावा तिनं आजारपणाच्या सुट्टीवर जायच्या आदल्या दिवशी पुरा केला. हा काढला की तिच्या हातची, वीज खेळत असलेली एकही गोष्ट जगात उरणार नव्हती. हे मी मुकादमांना सांगितलं नाही. त्यांनाही आकडे मोजता येतात.

मी प्रोग्राम सुरू करत राहिले. प्रत्येक वेळी त्याला एक सुरुवातीचा आकडा द्यावा लागतो, कुठलाही. त्या आकड्यावर पहिला गोंधळ कसा होणार ते ठरतं, आणि निकालही थोडा बदलतो. मी ओळीनं आकडे दिले. अठ्ठावन्न जास्त. एकसष्ट. चौसष्ट. सत्तावन्न. आईची जन्मतारीख देऊन पाहिली, साठ. घराचा नंबर दिला, त्रेसष्ट. हा शुद्ध वेडेपणा आहे हे मला कळत होतं, आणि तरी चाळीस मिनिटं मी जिने चढत होते, उतरत होते. दुसऱ्यांचे कप धुवत होते. चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून खाली वाहनतळ दिसायचा. तिथं गाड्या कशा लावल्यात हे बघितलं की जीव आणखी कातावायचा.

घरीही तेच. आई गेल्यापासून मी बाबांकडेच राहत होते. बाबांनी पस्तीस वर्षं बसगाड्यांची वेळापत्रकं तयार केली. निवृत्त झाल्यावरही ते दिवसाचे तुकडे पाडूनच जगतात, फक्त आता ते तुकडे कुठे घालायचे ते त्यांना कळत नव्हतं. आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या दारात एकमेकांना आडवे जायचो.

"तू आधी जा," बाबा म्हणायचे.

"मला काही नकोय. तुम्ही जा."

"मलाही काही नकोय."

आणि दोघंही आत जायचो.

अडचण कुठे आहे ते मला दिसत होतं. प्रत्येक ब्लॉकची एक ओळ असते, त्यात त्याच्या अटी लिहितात आणि शेजारी कारणाचा रकाना असतो. आईच्या ओळीत दोन अटी होत्या. हलवू नये. फिरवू नये. दुसरी मला समजत होती. तिचा ब्लॉक दोन अर्धांचा, दोन्ही अगदी सारखी, शेजारी शेजारी. तापणाऱ्या स्पीकरच्या भागाची ऊब दोघांना सारखी लागली पाहिजे. ब्लॉक काटकोनात फिरवला तर एक अर्ध उबेच्या जवळ जातं, दुसरं लांब, आणि मग व्होल्टेज सरकतं. पण हलवू नये का? सारखी ऊब लागेल अशा आणखी पाच जागा मी तासाभरात काढल्या असत्या. वरच्या कडेला मधोमध बसून तो ब्लॉक करत काय होता, तर मेमरीच्या मोठ्या ठोकळ्याला कडेला टेकू देत नव्हता.

आणि कारणाचा रकाना कोरा होता. ही माझी आई. फ्रीजच्या दारावर 'दार जोरात लावा' एवढंच लिहून तिचं भागत नसे. 'दार जोरात लावा, रबर सैल झालंय, माणूस शनिवारी येणार, तोवर दूध खालच्या कप्प्यात.' त्या बाईनं कारणाचा रकाना कोरा ठेवला होता.

बुधवारी सकाळी मी मास्तरांकडे गेले. मास्तर आणि आई एकाच महिन्यात कामाला लागले होते. तेव्हा उजेडाच्या काचेच्या टेबलावर फिल्म अंथरून सुरीनं आकृत्या कापायचे. मास्तर आता निवृत्तीला आलेत. त्यांची खोली तळमजल्यावर, जिन्याखाली.

"मास्तर, आईनं रेफरन्स मध्यभागी का खिळवून ठेवलाय?"

"तिलाच विचार ना," ते म्हणाले, आणि चष्मा पुसता पुसता त्यांचा हात थांबला.

मी त्यांच्या कपाटावरचे आखणीचे रूळ सरळ करत राहिले. ते म्हणाले, "ठेव ते. कशाला विचारतेस?"

"फिरवू नये एवढं लिहिलं असतं तरी पुरलं असतं."

"पुरायला हवं होतं खरं."

"म्हणजे?"

"तुझा प्रोग्राम ऐकतो का? फिरवू नको म्हटलं तर?"

"ऐकतो की."

"मोठ्या ब्लॉकांचं ऐकतो," मास्तर म्हणाले.

माझ्या हातातला रूळ मी खाली ठेवला. तीन वर्षांपूर्वीची एक दुपार मला आठवली. तेव्हा प्रोग्रामला तीन तास लागायचे आणि सगळे माझ्या डोक्यावर बसले होते. मी एक ओळ घातली होती. चिपच्या एक टक्क्याहून लहान ब्लॉक असेल तर त्याच्या अटी वाचत बसायचं नाही. लहान ब्लॉक काय, कुठेही सामावतात. फक्त आठवडाभराच्या चाचणीसाठी. तीन तासांची चाळीस मिनिटं झाली. लोक माझ्या टेबलापाशी येऊन बघून गेले. वर्षअखेरीला मला बढती मिळाली. ती ओळ काढायची राहिली, आणि मग ती तिथं आहे हेच मी विसरले.

"आधीची चिप आठवते?" मास्तर म्हणाले. "जी परत आली?"

ती कुणाला आठवत नाही? स्पीकर मोठ्यानं वाजला की तिचं व्होल्टेज सरकायचं. सगळं नव्यानं करावं लागलं, चार महिने गेले. बैठकीत आई उभी राहिली आणि म्हणाली, चूक माझ्या आकृतीत आहे. दोन्ही अर्धं एकमेकांत गुंफून काढायला हवी होती, मी शेजारी शेजारी काढली. मीही त्या बैठकीत होते. मला तिची लाज वाटली होती, थोडी. ते मी तिच्यापासून लपवलं होतं.

"खोटं नव्हतं ते," मास्तर म्हणाले. "गुंफून काढली असती तर फिरवलेलंही चाललं असतं. जागा दीडपट लागली असती, पण चाललं असतं. मात्र तिनं 'फिरवू नये' लिहिलं होतं, आणि तू फिरवला होतास."

"प्रोग्रामनं."

"बरं. प्रोग्रामनं."

"तिला कसं कळलं?"

"वाचला तिनं तुझा प्रोग्राम. ती भाषा येत नव्हती तिला. पुस्तक आणलं, दोन रविवार बसली, आणि सोमवारी मला येऊन म्हणाली, मास्तर, सापडली. लहानांचं ऐकूच नको असं लिहून ठेवलंय कार्टीनं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"ते मी कसं सांगू? मी म्हटलं होतं, सांग. तर म्हणाली, आत्ता कुठे पोरीचं नाव व्हायला लागलंय, आणि ते त्याच ओळीवर उभं आहे. मग तिनं आडवाट काढली. 'हलवू नये' लिहिलं की तुझा प्रोग्राम त्या ब्लॉकला खेळातच घेत नाही, सुरुवातीलाच जागेवर ठेवून देतो. मग लहान काय आणि मोठा काय, कुणी फिरवत नाही."

हे बरोबर होतं. तो भाग मीच लिहिला होता आणि तो नीट चालत होता.

"आणखी कुणाला माहीत आहे हे?"

मास्तरांनी चष्मा घातला. "लहान ब्लॉकवाल्या सगळ्यांना सांगितलं तिनं. म्हणाली, बोभाटा नको, नुसतं 'हलवू नये' लिहा."

"सगळ्यांना?"

"कँटीनवाल्याला नसेल माहीत."

मी वर गेले आणि आधीच्या चिपची फाइल उघडली. आईचा तेव्हाचा ब्लॉक उभा होता. आडवा असायला हवा होता. एक अर्ध स्पीकरच्या भागाला चिकटून, दुसरं त्याच्या मागे. मोठ्या आराखड्यात तो एवढासा दिसतो की मुद्दाम शोधल्याशिवाय डोळा तिथं जात नाही. मग मी आताच्या चिपच्या अटी वाचल्या. तीस लहान ब्लॉकांपैकी बारांवर 'हलवू नये' होतं. आईचा धरून बारा. मला ते कधीच खटकलं नव्हतं. मी ते माणसांच्या हट्टाच्या खात्यात टाकलं होतं. एकदा जेवताना मी आईला म्हटलंही होतं, "तुमची ॲनालॉगची माणसं पाय रोवून बसतात अगदी." ती म्हणाली होती, "हो ना, मेली जुनी खोडं." आणि भाजी पुढे सरकवली होती.

एक टक्क्याची ती ओळ मी प्रोग्राममधून खोडली. त्याला एक मिनिटही लागलं नाही.

त्यानंतर मी जे केलं ते लिहायला हवं. मी फक्त आईच्या ओळीतलं 'हलवू नये' काढलं, 'फिरवू नये' ठेवलं, आणि कुणाला काही न बोलता प्रोग्राम सुरू केला. एकच ब्लॉक मोकळा करायचा, साठ मायक्रॉन मिळवायचे, कारणाच्या रकान्यात 'सुधारणा' लिहायचं. आईनं जे झाकलं ते झाकलेलंच राहील, तिलाही तेच हवं होतं, असं मी स्वतःला जिन्यात तीनदा समजावलं. आता प्रोग्राम सगळ्यांच्या अटी वाचत होता, त्यामुळे त्याला पावणेदोन तास लागले. तेवढ्यात जिने पुरेनात म्हणून मी इमारतीला बाहेरून फेऱ्या मारल्या.

बावीस जास्त. दुसरा आकडा दिला. चोवीस.

एकटा आईचा ब्लॉक सोडवून भागणार नव्हतं. बाकीचे अकराही मोकळे करायला हवे होते. आणि त्यांची खरी अट काय होती हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यासाठी प्रत्येकाला जाऊन विचारायला हवं होतं, आणि विचारायचं तर मला कळलंय हे सांगायला हवं होतं.

गुरुवारी सकाळी मी ऑसिलेटरवाल्यापासून, चिपला ताल देणारा भाग करणाऱ्यापासून, सुरुवात केली, कारण तो सगळ्यांत तिरकस.

"तुझ्या ब्लॉकवर 'हलवू नये' आहे. खरी अट काय आहे?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "आईंनी सांगितलं होतं, प्लॅनिंगला कळता कामा नये. आता प्लॅनिंगच येऊन विचारतंय. मी कुणाचं ऐकू?"

"माझं. ओळ काढली मी."

"काढलीस?" त्यानं खुर्ची वळवली. "स्पीकरपासून तीनशे मायक्रॉन लांब. बस्स. ती जागा मलाही आवडत नाही. काहीतरी लिहायचं म्हणून लिहिली."

"कधीपासून?"

"दोन वर्षं. तुझ्या प्रोग्रामला आम्ही साहेब म्हणतो, ठाऊक आहे? लहान माणसाचं ऐकत नाही म्हणून."

ते मला ठाऊक नव्हतं. मी लिहून घेतलं, तीनशे मायक्रॉन.

मायक्रोफोनचा भाग करणारी बाई आईची मैत्रीण. तिनं मला बघताच हातातलं काम बाजूला ठेवलं. "बस गं जरा."

"नको, मावशी. तुमची अट सांगा फक्त."

"तुझ्या आईला मी तेव्हाच म्हटलं होतं, आज ना उद्या पोरीला कळेल, तेव्हा तिला जास्त लागेल. तर म्हणाली, तोवर ती मोठी झालेली असेल." मग तिनं अट सांगितली. कडेला हवा, कुठल्याही कडेला, फिरवलेला चालेल.

"एवढंच?"

"एवढंच. मी काय मागणार?"

बॅटरीचा भाग करणारा मात्र चिडला, आणि मला ते बरं वाटलं. "दोन वर्षं मी त्या कोपऱ्यात अडकलोय. इकडून तिकडे तारा ओढता ओढता कंबरडं मोडलं माझं. आम्हाला वाटायचं तुला माहीत आहे आणि तू मुद्दाम गप्प आहेस."

"मला माहीत नव्हतं."

"तेही काही चांगलं नाही," तो म्हणाला.

"नाही."

दुपारी तीनपर्यंत अकराही झाले. नऊ जणांना जागेशी काही देणंघेणं नव्हतं. दोघांची जागा खरोखर तीच होती. मी सगळ्या खऱ्या अटी भरल्या आणि तीन मशिनांवर तीन आकडे देऊन प्रोग्राम लावले. संध्याकाळी दोन निकाल आले. नऊ जास्त, चौदा जास्त. तिसरं मशीन मध्येच बंद पडलं होतं. शुक्रवारी सकाळी ते पुन्हा लावलं, शेजारी आणखी दोन लावले. साडेअकराला अकरा जास्त. पाऊण वाजता दोन जास्त, तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. अडीचला शेवटचं थांबलं. चार कमी.

मी ते तीनदा मोजलं. मग मास्तरांना वर बोलावलं. ते धापा टाकत आले आणि पडद्यासमोर वाकले. आईचा ब्लॉक आता डाव्या अंगाला, अगदी खालच्या बाजूला होता, आडवा, मेमरी आणि बॅटरीच्या भागाच्या मधल्या फटीत.

"इथं तिनं जन्मात ठेवला नसता," मास्तर म्हणाले.

"नसता."

ते अजून वाकलेलेच होते. त्यांनी नखानं स्पीकरच्या भागापासून दोन्ही अर्धांपर्यंतचं अंतर पडद्यावर मोजलं, जुन्या सवयीनं. "बसलाय मात्र," ते म्हणाले.

चार वाजता मुकादमांनी यादी वाचायला घेतली. आम्ही सात जण होतो. अट बदलली की प्रत्येक बदलासमोर कारण आणि सही लागते. त्यांचं बोट तिसऱ्या ओळीवर थांबलं.

"दहा ब्लॉकांवरचं 'हलवू नये' काढलंय. आणि दहांना कारण एकच. 'प्लॅनिंग प्रोग्राममधील चूक'. हे काय आहे?"

मी सांगितलं. एक टक्क्याची ओळ, ती कधी घातली, का घातली. आधीची चिप त्या ओळीमुळे परत आली, आकृतीमुळे नाही. जुन्या फाइलचं चित्र मी पडद्यावर लावलं. सांगायला मला वाटलं होतं त्याहून फार कमी वेळ लागला. ऑसिलेटरवाला आपल्या पेनाकडे बघत होता.

"त्या चिपच्या अहवालावर आईंची सही आहे," मुकादम म्हणाले.

"हो. तो दुरुस्त करावा लागेल."

"कारणाच्या रकान्यात तू 'सुधारणा' लिहिलं असतंस तर मी पुढे वाचलंही नसतं."

"माहीत आहे."

त्यांनी कागद खाली ठेवला. "त्या वर्षी ॲनालॉगचं प्रमुखपद मी त्यांना दिलं नाही."

"मला वाटायचं वयामुळे."

"वयाचं काय. अहवालामुळे." पेन उघडत ते म्हणाले, "मी त्यांना तोंडावर तसं सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, बरोबर आहे."

मग त्यांनी एकेका ओळीसमोर सही केली, दहाही ठिकाणी, आणि आराखडा गोठला. आईचा ब्लॉक राहिला. त्याच पेनानं त्यांनी दुसऱ्या कागदावर लिहिलं, की ज्या आणखी तीन चिप्समध्ये माझा प्रोग्राम वापरलाय त्या पुन्हा तपासायच्या, आणि तोवर पुढच्या चिपचं प्लॅनिंग दुसऱ्या कुणाकडे. ते बरोबरच होतं.

घरी गेले तेव्हा बाबा टेबलाशी वर्तमानपत्र वाचत होते. मी पर्स न उतरवता सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

"दोन रविवार," शेवटी ते म्हणाले. "हो. जाडजूड पुस्तक होतं. मी विचारलं, हे काय? तर म्हणाली, शब्दकोडं आहे, मोठ्या माणसांचं." त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "त्या महिन्यात ती तुला एकदाही बोलली नाही. साधं 'केस बांध' म्हणूनसुद्धा नाही. मला वाटलं तिची तब्येत बिघडली."

"तिनं मला सांगायला हवं होतं."

मला वाटलं होतं ते तिची बाजू घेतील.

"हो," बाबा म्हणाले. "सांगायला हवं होतं."

"मी भांडले असते तिच्याशी."

"भांडली असतीसच. महिनाभर तरी. मग मिटलं असतं."

"आता कुणाशी भांडू?"

बाबा उठले, चहा ठेवला, दोन कप काढले. मी त्यांना त्या तीन चिप्सचं सांगितलं. लहान ब्लॉक मिळून सत्तरच्या वर, माणसं साधारण बावीस, प्रत्येकाला गाठून खरी अट विचारायची.

"यादी कर," बाबा म्हणाले, आणि जुन्या वेळापत्रकाच्या पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे टाकला. "कोण कुठे बसतं, कधी भेटतं, सगळं लिही. नाहीतर दिवसभर नुसती वणवण होईल."

मी नावं लिहायला लागले. बाबा माझ्या खांद्यावरून वाचत होते.

"यातल्या किती जणांना हे आधीच माहीत असेल?"

"सगळ्यांना."

"मग सोपं आहे की."

"नाही," मी म्हटलं, आणि पुढचं नाव लिहिलं.